वाळुंजाकडची झडप

आयव्ही टॉलिस जन्मली ती कालव्यावर. कालव्याकाठच्या गावात वगैरे नाही, थेट पाण्यावर, कोळसा वाहणाऱ्या बोटीच्या मागच्या खोलीत. दहा फूट लांब आणि सात फुटांनाही कमीच रुंद अशी ती खोली. त्यात आई, बाप, दोन भाऊ, एक शेगडी, भिंतीला लटकवलेल्या जाळीदार काठांच्या बशा, आणि मग ही. आई सांगायची, तू आलीस तेव्हा आपली बोट लॉकापाशी रांगेत अडकली होती, आणि पुढच्या तिघांनी आपापला नंबर सोडून आपल्याला आधी जाऊ दिलं. बोटीवरची माणसं नंबर सोडतात म्हणजे केवढी गोष्ट. आयव्हीला आयुष्यात कुणी रांगेत पुढं सोडलं ते तेवढंच.

लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या दारातल्या पाणी सोडायच्या झडपा उचलायच्या, की हौद भरतो आणि बोट आपोआप वरच्या पाण्याला लागते. उतरायचं असलं तर हेच उलट. आयव्हीने हे सगळं चालायला शिकता शिकताच पाहिलं. सहाव्या वर्षी ती पालथ्या खोक्यावर उभी राहून सुकाणू धरायला लागली. सुकाणूच्या दांड्याचं असं असतं, की बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. बाकीच्यांना हे शिकवावं लागतं. आयव्हीला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढं जमिनीवर सायकल शिकताना मात्र ती चार वेळा कुंपणात गेली.

शाळेचं म्हणाल तर, माल उतरायचा त्या धक्क्याजवळच्या शाळेत अर्धा दिवस. बाई मागच्या बाकावर बसवायच्या, हातात रंगीत खडू द्यायच्या, आणि त्यांना हिचं नाव पाठ व्हायच्या आत बोट निघालेली असायची. चौदाव्या वर्षी आयव्हीला वाचता येत होती ती फक्त बोटींवरची नावं.

ती चौदा वर्षांची असताना एका हिवाळ्यात कालवा गोठला तो तीन महिने सुटलाच नाही. गिऱ्हाइकं लॉऱ्यांकडे गेली आणि तिकडेच राहिली. टॉलिस मंडळी स्टोक शहरात सरकारी घरात राहायला आली. घर हलत नाही म्हणून आईला झोप लागेना. बाप तर मरेपर्यंत प्रत्येक दारातून मान खाली घालूनच जात राहिला, दार कितीही उंच असो.

आयव्ही कपबश्यांच्या कारखान्यात रंगवायच्या कामाला लागली. बोटीवरच्या पाण्याच्या डब्यांवर गुलाब काढून काढून तिचा हात आधीच तयार होता. बाकावर तिच्या डाव्या बाजूला हेझल बसायची आणि उजव्या बाजूला ब्रेंडा. हेझल उंच, ताठ, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी. घराला कुलूप लावून फाटकापर्यंत यायची आणि परत जाऊन कुलूप ओढून बघायची. ब्रेंडा गोल, ठसकेबाज. तिचं कुजबुजणं शेजारच्या खात्यात ऐकू जायचं. आयव्हीचं काम कपाच्या काठाला सोनेरी रेघ ओढण्याचं. चाक फिरवायचं, कुंचला टेकवायचा, श्वास रोखायचा, की रेघ जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे. मिळायचीच. तीन बायकांनी त्या बाकावर लग्नं केली, पोरं काढली, सासवा पोहोचवल्या, आणि शेवटी एके दिवशी कारखानाच बंद पडला तेव्हा आपापले कुंचले रुमालात गुंडाळून तिघी एकाच बसने घरी आल्या.

बोटीची सुट्टी त्याच्याही आधीपासूनची. दर जूनमध्ये एक आठवडा, भाड्याची बोट, तिघीच. एकतीस वर्षं झाली. आयव्हीचा नवरा लेन पहिल्या वर्षी बरोबर आला होता. कालव्याच्या पाण्याला लाट म्हणून नसते, तरी त्याला बोट लागली. तेव्हापासून तो घरी कबुतरं सांभाळतो आणि बायको परत आली की बोटीवर काय काय झालं ते दोन दिवस ऐकतो.

कामं वाटलेली होती. सुकाणू आयव्हीचं. लॉकाच्या झडपा हेझलच्या. चूल आणि तोंड ब्रेंडाचं. चौथ्या की पाचव्या वर्षी हेझलने एकदा चाचरत विचारलं होतं, मी धरून बघू का गं दांडा. आयव्हीने एक कप चहा संपेपर्यंत दिला. बोट बोरूच्या झाडीत शिरली, एक बदक पंधरवडाभर तरी अंड्यांवर बसलं नसेल, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. आयव्ही सुकाणूपाशी उभी राहिली की काठावरचे लोक वळून बघायचे. पाच फूटही नसलेली म्हातारी, दांडा कमरेला टेकवलेला, हातात चहा, आणि साठ फुटांची बोट पुलाच्या अरुंद कमानीतून अशी जायची, जणू सुईत दोरा. जमिनीवर तिला कोण ओळखत होतं? पाण्यावर ती टॉलिसांची आयव्ही होती.

मागच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत ती घरी कपाटातला एक कप पुसत होती. तिनेच रंगवलेला. त्याच्या काठाची सोनेरी रेघ तिला मध्येच वाकलेली दिसली. कप फिरवला तर वाकडेपणा फिरला नाही. जिथं बघावं तिथंच तो येऊन बसायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, कारागीर कच्चा. आयव्हीला ठाऊक होतं की रेघ सरळ आहे.

इस्पितळातल्या मुलीने गोड शब्दांत सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. इंजेक्शनं देऊन सावकाश करता येईल, परत आणता येणार नाही. आयव्हीने कागद घडी घालून चहाच्या जुन्या डब्यात ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. लेनलाही नाही. पण नाताळच्या सुमारास लेनने जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी मारली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, कबुतरांच्या खुराड्याचा रंग उरला होता. तीही पुढे काही बोलली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात माणसं असं पुष्कळ काही बोलून घेतात.

जून आला. आयव्हीने ठरवलं, अजून एक वर्ष. कालव्यावर बोट चालते ती माणसाच्या पायी चालण्याच्या वेगाने, आणि रस्ता तर तिच्या अंगात मुरलेला. मान जराशी तिरकी केली की डोळ्याच्या कडेने काठ दिसायचा, पुलाची कमान दिसायची. बाकीचं कानाने. इंजिनाचा आवाज दगडावरून परत आला की भिंत जवळ आहे. बोदा झाला की झाडी. पाण्याचा चुळबुळाट बदलला की उथळ.

ब्रेंडाने पहिल्याच दिवशी तिला हटकलं. "अशी काय गं बघतेस, कोंबडीसारखी?"

मान आखडली आहे, आयव्ही म्हणाली.

"उशी बदल. नाहीतर नवरा बदल."

तीन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशीचा लांब बोगदासुद्धा निघाला. बोगद्यात तर सगळेच आंधळे, आयव्हीला तिथं सगळ्यांत निवांत वाटलं. ब्रेंडा सकाळी तव्यावर ओटची धिरडी गरम करायची, त्यात चीज आणि बेकन घालून गुंडाळी हातात द्यायची. ऊन होतं, काठावर रानगुलाब फुलले होते. हेझल कंबर धरत, पण न कुरकुरता, लॉकामागून लॉक करत होती. तिच्या मनावर ओझं होतं. तिचा मुलगा क्लाइव्ह लांब साउथॅम्प्टनला. तिने घर विकून त्याच्याजवळच्या वृद्धांच्या सदनिकेत यावं असा त्याचा हट्ट. हेझलची आई शेवटची सहा वर्षं हेझललाच ओळखत नव्हती. सुरुवात गॅस चालू राहण्यापासून झाली होती. क्लाइव्ह तेच बोलून दाखवायचा, आजीचं कसं झालं ते आठवतं ना. हेझल त्याला म्हणाली होती, माझं काही चुकायला लागलं की मी होऊन सांगेन, तोवर नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हॅलोबीला पोहोचल्या. तिथं एक लॉक चढून गेलं की वर रुंद, शांत पाणी आहे, मग अर्ध्या मैलावर पुढचं लॉक. दोन लॉकांमधल्या त्या टप्प्यात रात्रीला बोटी बांधायची सगळ्यांची आवडती जागा. एका बाजूला आगगाडीचे रूळ, दुसऱ्या बाजूला पब. सहा-सात बोटी आधीच लागलेल्या.

लॉक भरलं, वरचं दार उघडलं, आयव्हीने बोट बाहेर काढून लगेच पुढं काठाला बांधली. मागं हेझलने दार लावलं. दाराच्या दोन्ही अंगांना एकेक झडप. पबकडची हेझलने पाडली. वाळुंजाच्या झाडाकडची पाडायला ती दारावरून पलीकडे निघाली, तेवढ्यात ब्रेंडाने आतून हाक दिली की गॅसची नळी फुसफुस करतेय, ये लवकर. गॅस म्हटल्यावर हेझल होती तशी पळाली. आत गेल्यावर नळीला काही झालेलं नव्हतं, किटलीच उतू जात होती. मग ब्रेंडाने तिच्या हातात बटाटे दिले, बोलणं सुरू झालं, आणि वाळुंजाकडची झडप राहून गेली.

आयव्ही दोर आवळत होती. वाळुंजाकडच्या झडपेला जोडलेली, तिच्याबरोबर वर खाली होणारी दातेरी पट्टी अजून वरच उभी आहे हे तिला डोळ्याच्या कडेने दिसलं. तिने हेझलला हाक मारली नाही. दिवसभर राबलीये, बसू दे बापडी. लोखंडी हँडल घेतलं, दारावरून पलीकडे गेली, हँडल बसवलं, खिट्टी उचलली आणि झडप खाली सोडायला लागली. नेमकी तेव्हाच शेजारून मालगाडी गेली, लांबलचक. झडप तळाला टेकली की जमिनीतून धप् असा आवाज येतो, तो काही तिला ऐकू आला नाही. हँडल पुढं फिरेना, एवढंच कळलं. पट्टी पूर्ण खाली गेली का, म्हणून तिने बघितलं, तर बघावं तिथं नजरेच्या मधोमध बसलेला तो भुरा डाग, आणि एवढा बारीक फरक कडेने कळेना.

अशा वेळी ती काय करायची, तर वाकून वस्तूवर हात फिरवायची. दोराच्या गाठी, खुंटे, तीन दिवस असंच चाचपत आली होती, कुणी बघत नाही असं पाहून. पण समोर हिरव्या बोटीवरचा दाढीवाला कापडी खुर्ची टाकून तिच्याकडेच बघत होता. वर म्हणालाही, "मावशी, तुम्ही कालव्यावरच जन्मलेल्या वाटतं, हात बघूनच कळतं."

झालं. टॉलिसांच्या पोरीने आता चार लोकांत वाकून लोखंड चाचपायचं? तिने हँडल काढलं, खांद्याला लावलं आणि ताठ मानेने चालत आली. मनात एक खडा टोचत होता. बटाट्यांबरोबर तो गिळून टाकला.

सकाळी आयव्हीला जाग आली ती अंथरुणातून भिंतीवर घरंगळून. बोट एका अंगावर कलली होती. ब्रेंडाच्या दिशेने डब्यांचा खडखडाट आणि पाठोपाठ शिव्या ऐकू आल्या. हेझलने खिडकी उघडली.

कालवा नव्हता. त्याच्या जागी काळा, चकचकीत चिखल, मध्ये ओढ्याएवढी पाण्याची रेघ, एक सायकल, दोन टायर, खरेदीची ढकलगाडी, आणि त्या चिखलात गोंधळून चालणारी बदकं. काठाच्या सगळ्या बोटी दारू प्यायल्यासारख्या कललेल्या. माणसं रात्रीच्या कपड्यांत, हातात चहाचे मग घेऊन काठावर जमलेली. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. सगळे फार सभ्यपणे नाराज होते, आणि ते जास्त वाईट.

कालव्याची देखभाल करणाऱ्या मंडळींपैकी मिस्टर प्रॉसर म्हणून एक गृहस्थ सायकलवरून आले. निवृत्त गणिताचे मास्तर, पांढऱ्या मिशा, निळं तरंगायचं जाकीट. त्यांनी लॉकाला फेरी मारली आणि परत येऊन सांगितलं, वर्गात सांगावं तसं. खालची दारं जुनी झालीयेत, फटींतून पाणी धो धो गळतं. त्यात वरची एक झडप वीतभर उघडी राहिलेली, खाली फांदी अडकल्यामुळे. रात्रभरात सगळा टप्पा रिकामा झाला. काल शेवटी कोण वर आलं?

सगळ्यांचे डोळे हळूच एका बोटीकडे वळले.

"आम्ही," हेझल म्हणाली. "झडपा माझ्याकडे असतात. वाळुंजाकडची ना? मी ती पाडायचीच विसरले. अर्धवट सोडून आत गेले."

मिस्टर प्रॉसर म्हणाले, विसरला असता तर ती पूर्ण वर राहिली असती. तुम्ही पाडलीत, फक्त शेवटपर्यंत गेली नाही. होतं असं, मनाला लावून घेऊ नका.

हेझलचा चेहरा आयव्हीला नीट दिसत नव्हता, मधोमध डागच होता. पण कडेला हेझलचे हात दिसत होते. ते कोटाच्या बटणांवरून वर खाली, वर खाली फिरत होते, मोजल्यासारखे.

"पण मी परत गेलेच नव्हते," हेझल अगदी हळू म्हणाली. मिस्टर प्रॉसरना नाही, कुणालाच नाही.

बोलायची वेळ हीच होती. पण दाढीवाला तिथंच उभा होता, काल कौतुक करणारा, आणि दहा-बारा माणसं. आज आंधळी म्हटलं, की उद्या दांडा गेला. दांडा गेला की मग उरलं काय? स्टोकमधली एक म्हातारी, जिन्याच्या पांढऱ्या पट्ट्या मोजत उतरणारी. ती वळली आणि बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन पितळी कठडा पुसत बसली. कठडा कालच पुसलेला होता.

मिस्टर प्रॉसर वरच्या लॉकाकडे गेले. तिथल्या झडपा उघडून वरून पाणी सोडायचं, तेही बेताने, नाहीतर वरच्यांचा टप्पा रिकामा. तीन तास तरी लागतील, म्हणाले. लोकांनी खुर्च्या टाकल्या. ब्रेंडाने कललेल्या चुलीवर, एका हाताने तवा धरून, धिरडी भाजली आणि सगळ्या बोटींवर वाटली. माफी मागायची ही तिची पद्धत. देताना म्हणायची, एक आमच्या हेझलच्या वतीने, आणि चीज जास्त घातलंय ते माझ्या वतीने.

हेझल आत बसून राहिली. तासाभराने ती बाहेर आली, आयव्हीच्या जवळ तिरक्या फळीवर टेकली. खाली चिखलावर पाण्याचं पातळसं पान पसरायला लागलं होतं.

"मी नीट आठवून बघितलं," ती म्हणाली. "ब्रेंडाची हाक आठवते. किटली आठवते. बटाटे किती सोलले ते आठवतं, नऊ. पण परत बाहेर जाऊन हँडल फिरवल्याचं काही केल्या आठवत नाही गं. पूर्ण कोरं आहे. आईचं असंच व्हायचं, आयव्ही. ती म्हणायची, मी स्वयंपाकघरात गेलेच नाही, आणि गॅस चालू असायचा."

आयव्ही पुसत राहिली.

"क्लाइव्हला शब्द दिलाय मी. होऊन सांगेन म्हणाले होते. आता फोन करते. घर विकायला काढ म्हणून सांगते. स्वतःला ठीक समजत राहण्यापेक्षा हे बरं." तिने कोटाच्या खिशातून फोन काढला, चष्मा चढवला. "तू बस इथंच. मला जरा धीर येईल."

आयव्हीने फडकं खाली ठेवलं. बोटीवर जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासून माहीत असते, बोट कुठल्या क्षणी वळवायची ती. थोडं पुढं गेलं की मग नाही वळत. तिने हात पुढं केला आणि फोनवर ठेवला, हेझलच्या हातासकट.

"तू परत गेलीच नव्हतीस," ती म्हणाली. "मी गेले होते."

हेझलने चष्मा काढला.

"मी पाडली ती झडप. गाडी जात होती, टेकल्याचा आवाज आला नाही. आणि मला दिसलं नाही, हेझल. पट्टी खाली गेली की नाही ते मला दिसतच नाही. तुझा चेहराही दिसत नाही आत्ता. कान दिसतात." मग एकदा तोंड उघडलंच आहे म्हणून तिने कपावरच्या सोनेरी रेघेपासून सगळं सांगितलं. चहाच्या डब्यातल्या कागदाचंही. दाढीवाला बघत होता म्हणून वाकले नाही, हेही सांगितलं. ते सांगताना सगळ्यांत जास्त जड गेलं.

हेझलने आधी फोन खिशात ठेवला. मग तिला रडू आलं, मोकळं, नाक ओढत, आणि ते कशाचं आहे हे आयव्हीला बरोबर कळलं. वाचली होती बिचारी. थोड्या वेळाने रडणं थांबलं आणि राग आला. तोही आयव्हीला अपेक्षित होता.

"तासभर," हेझल म्हणाली. "तासभर मी आत बसून साउथॅम्प्टनच्या त्या खोलीत कुठलं कपाट मावेल ते मोजत होते. आणि तू कठडा पुसत होतीस."

"होय."

"साठ वर्षांपासूनची मैत्रीण."

"होय गं बाई."

ब्रेंडाने आतून सगळं ऐकलं होतं. पातळ लाकडाच्या बोटीत कुणाचं काही लपत नाही, आणि ब्रेंडाने लपू दिलंही नसतं. ती हातात तवा घेऊनच बाहेर आली. "थांबा. म्हणजे परवाच्या त्या बोगद्यातून आम्हाला आंधळ्या बाईने आणलं? मैलभर? आणि मी पुढं बसून गाणी म्हणत होते?"

आयव्ही म्हणाली, तुझ्या गाण्याचाच उपयोग झाला. भिंतीवरून परत यायचं, त्यावरून कळायचं भिंत किती लांब आहे ते.

ब्रेंडाने यावर विचार केला. "एकतीस वर्षांत माझ्या आवाजाला चांगलं म्हणालीस ते आज," ती म्हणाली, आणि आत जाऊन आयव्हीसाठी बेकनच्या दोन जास्तीच्या पट्ट्या घातलेलं धिरडं घेऊन आली. हेझल अजून रागावलेलीच होती, पण तिने त्या धिरड्यातला अर्धा भाग मोडून घेतला.

आयव्ही उठली. काठावरून एकेका बोटीपाशी गेली आणि सांगितलं, झडप माझ्याकडून राहिली, माझे डोळे गेलेत, हेझलचा काही दोष नाही. प्रत्येक ठिकाणी तेच, तेवढंच. दाढीवाल्यापाशीही तेच सांगितलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याने विचारलं, चहा घेणार का. नको म्हणाली. मग तो म्हणाला, माझी आजीपण कडेनेच बघायची. आम्ही पोरं तिच्या समोर उभी राहायचो, चोरून बिस्किटं खायची असली की. आयव्हीला हसू आलं.

दुपारी बोटीच्या पोटाखालून एक लांब उसासा आला, आणि बोट सरळ झाली. एकामागून एक सगळ्याच उठल्या, झोपेतून उठाव्यात तशा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

इंजिन चालू झालं. आयव्ही सवयीने मागं जाऊन सुकाणूपाशी उभी राहिली, दांड्यावर हात ठेवला. पितळ उन्हाने गरम झालं होतं. तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग बाजूला सरकून पायरीवर बसली.

"ये हेझल."

"माझं नको. बदकं आहेत."

"बदकांना पंख असतात. ये."

हेझलने दांडा धरला तो गरम तवा धरावा तसा. काठावरचे लोक गुपचूप बोट ढकलून दूर ठेवायचे आपापले बांबू घेऊन आपापल्या बोटीच्या रंगापाशी उभे राहिले. बोट निघाली, हिरव्या बोटीकडेच निघाली. आयव्ही डोळे मिटून बसली होती. नाहीतरी उघडे ठेवून काय करायचं होतं. ती इंजिनाचा आवाज ऐकत होती.

"उजवीकडे जास्त आलीस. दगड वाजतोय. तिकडेच ढकल दांडा, उजवीकडेच. उलटं वाटतंय ना? वाटू दे. आता सोड. ऐक, बोदा झाला आवाज, झाडी आली. सरळ आहेस तू."

"सरळ आहे?" हेझलने विचारलं. सबंध आठवड्यात पहिल्यांदा तिचा आवाज वर गेला होता.

"मला काय विचारतेस? तुलाच दिसतंय," आयव्ही म्हणाली.

अर्ध्या मैलाला पाऊण तास लागला. पुढच्या लॉकापाशी मिस्टर प्रॉसर उभे होते, अजून तीन बोटी रांगेत, त्यामागं मगाचचीच माणसं. झडपांचं हँडल आता आयव्हीच्या खांद्यावर होतं. बोट भरून वर आली, हेझलने तिला दारातून जवळजवळ न आपटता बाहेर काढलं. आयव्हीने दार पाठीने ढकलून लावलं, अलीकडची झडप पाडली, दारावरून पलीकडे गेली, तिकडची पाडली. मग हँडल जमिनीवर ठेवलं, सगळ्यांच्या देखत गुडघे टेकले, आणि लोखंडी पट्टीवरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. घाई केली नाही. एकदा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, हेझल कुलूप ओढून बघायची तसा.

पुढं बोट काठाला लागायच्या बेतात होती, आणि काठ सोडून दुसरीकडेच लागत होती. तिथून हेझलने ओरडून विचारलं, "बसली का गं?"

"बसली," आयव्हीने सांगितलं. मिस्टर प्रॉसरांनी हात पुढं केला. तो धरून ती उठली.